कूपनलिकेकडे येणाऱ्या अरीय प्रवाहासाठी बाहेरची सीमा-अट कोणती घ्यावी?

प्रश्न : गाळपट्टा_चोपडा

नमस्कार. मी भूजलशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला साधारण तीन किलोमीटरवर, गाळाच्या थरांत घेतलेल्या एका कूपनलिकेवर आम्ही सलग पाच दिवसांची उपसा चाचणी घेतली. शेतीच्या फीडरवर इतका वेळ सलग वीज मिळत नसल्यामुळे पंप जनरेटरवर चालवला. उपसा ताशी २५ घनमीटर, म्हणजे दिवसाला ६०० घनमीटर, असा स्थिर राखला आणि ३०० मीटरवरच्या एका बंद ट्यूबवेलमध्ये पातळी मोजत राहिलो. त्या नोंदी थाईस यांच्या वक्राशी (उपशाने पातळीतली घट काळानुसार कशी वाढते हे सांगणाऱ्या) जुळवल्यावर पारगामिता, म्हणजे थरांतून पाणी किती सहज वाहते याचे माप, दिवसाला २०० चौरस मीटर आणि साठवण गुणांक, म्हणजे पातळी मीटरभर उतरल्यावर दर चौरस मीटरमागे सुटणारे पाणी, ०.००१ असा आला.

आता हाच प्रवाह मी संगणकावर विसरण समीकरणाने सोडवत आहे. कूपनलिकेची त्रिज्या १० सेंटिमीटर आहे. बाहेरची सीमा मी ५०० मीटरवर घेतली, कारण एका हस्तपुस्तिकेत गाळाच्या जमिनीसाठी ‘प्रभाव त्रिज्या’ म्हणून तेवढाच आकडा दिला होता. त्या सीमेवर पातळी मूळ उंचीवर कायम धरली, तर साधारण एका दिवसानंतर गणितातली घट थांबते आणि निरीक्षण ट्यूबवेलमध्ये ती पाव मीटरच्या आत राहते. त्याच सीमेवर प्रवाह शून्य धरला, तर पाचव्या दिवशी तिथेच पावणेचार मीटरच्या पुढे घट दिसते. प्रत्यक्षात पाचव्या दिवशी मोजलेली घट पाऊण मीटरहून किंचित जास्त होती आणि ती हळूहळू वाढतच होती. समीकरण तेच, गुणांक तेच, आणि केवळ एका अटीमुळे उत्तरांत पंधरा पटींचा फरक पडतो, हे मला स्वस्थ बसू देत नाही.

आतल्या सीमेबद्दलही एक शंका आहे. उष्णतावहनाच्या पुस्तकात केंद्राशी सममितीमुळे उतार शून्य घ्यावा असे सांगितलेले असते. ते इथे लागू होते का? शिवाय उपसा होत असलेल्या कूपनलिकेत पाचव्या दिवशी सुमारे ७ मीटर घट मोजली आहे. आतल्या सीमेवर उपसा आणि ही मोजलेली पातळी, दोन्ही एकत्र देता येतील का?

उत्तर : गिरणाकाठ

तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर थोडक्यात देता येते. एका सीमेवर एकच अट देता येते: पातळी तरी सांगावी, प्रवाह तरी सांगावा, नाहीतर त्या दोघांना बांधणारा एखादा संबंध सांगावा. दोन्ही स्वतंत्रपणे दिल्या, तर सर्वसाधारणपणे त्या दोन्हींना मान्य होणारे उत्तरच अस्तित्वात नसते. तुम्ही उपसा नियंत्रित केला आहे, म्हणून उपसा ही अट आणि कूपनलिकेतली पातळी हे उत्तर. थाईस यांच्या सूत्राने तुमच्या आकड्यांवर पाच दिवसांनी कूपनलिकेच्या भिंतीशी सुमारे ४.६ मीटर घट येते. तुम्ही ७ मीटर मोजलीत. उरलेले सव्वादोन-अडीच मीटर हे प्रामुख्याने गाळणी, तिच्याभोवतीची खडी आणि खोदाईच्या वेळी लिंपला गेलेला चिखल यांतून पाणी आत येताना होणारे नुकसान आहे. जलधराशी, म्हणजे पाणी साठवणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या भूस्तराशी, त्याचा संबंध नाही. ते गणितात आणायचे असेल, तर आतल्या सीमेवर प्रवाहाच्या प्रमाणात वाढणारी एक जादा घट जोडावी. तेलविहिरींच्या शास्त्रात यालाच स्किन म्हणतात. मोजलेली पातळी अट म्हणून लादली असती, तर हे नुकसान पारगामितेच्या माथी बसले असते आणि गणित तुम्हाला उपसा भलताच जास्त सांगत राहिले असते.

सममितीच्या अटीचे म्हणावे तर, ती भरीव दांड्याच्या केंद्रासाठी आहे, जिथे काही आत जात नाही आणि काही बाहेर येत नाही. तुमच्या क्षेत्राच्या केंद्रातून दिवसाला ६०० घनमीटर पाणी बाहेर जात आहे. तिथे उतार शून्य धरणे म्हणजे पंप बंद आहे असे लिहिणे होय. योग्य अट अशी आहे की कूपनलिकेच्या भिंतीशी त्रिज्या आणि घटीचा त्रिज्येनुसार उतार यांचा गुणाकार, उणे उपसा भागिले (दोन π गुणिले पारगामिता), एवढा असतो. तुमच्या आकड्यांत हे मूल्य उणे ०.४७७५ मीटर येते. थाईस यांनी १९३५ मध्ये उष्णतावहनाचे गणित भूजलाला लावले, तेव्हा हीच अट त्रिज्या शून्याकडे नेऊन, म्हणजे विहिरीला जाडी नसलेली रेषा मानून, वापरली होती. गुणाकार मर्यादित राहतो आणि उतार स्वतः अनंताकडे जातो, हे त्या अटीचे मर्म आहे.

आता मुख्य गोष्ट. ‘प्रभाव त्रिज्या’ हा जलधराचा गुणधर्म म्हणून छापण्याची पद्धत मला फार घातक वाटते. घट कुठवर पोचली आहे हे किती वेळ झाला यावर अवलंबून असते. ती साधारणपणे दीडपट वर्गमूळात (पारगामिता गुणिले काळ भागिले साठवण गुणांक) एवढ्या अंतरावर पोचलेली असते आणि त्याच्याही पलीकडे तिची बारीक शेपटी असते. उपसा किती आहे याच्याशी या अंतराचा संबंध नाही. उपसा वाढवला तर खड्डा खोल होतो, दूर जात नाही. तुमच्या चाचणीत एका दिवसानंतर हे अंतर सुमारे ६७० मीटर आणि पाच दिवसांनंतर सुमारे १,५०० मीटर होते. म्हणजे तुमची ५०० मीटरची सीमा पहिल्याच दिवशी ओलांडली गेली होती. पातळी कायम धरलीत, तेव्हा तुम्ही कूपनलिकेभोवती ५०० मीटर त्रिज्येचा, सदैव काठोकाठ भरलेला गोल कालवा कल्पिलात. प्रवाह शून्य धरलात, तेव्हा तिथे अभेद्य भिंत उभी केलीत. पहिल्या स्थितीत गुंथर थीम यांचे १९०६ चे स्थिर अवस्थेचे सूत्र लागू होते आणि ३०० मीटरवर घट ०.२४ मीटरवर थांबते. दुसऱ्या स्थितीत बंद टाकीतले पाणी उपसल्यासारखी पातळी रोज ०.७६ मीटरने उतरत जाते आणि पाचव्या दिवशी ३०० मीटरवर ३.७९ मीटर होते. अमर्याद जलधराचे थाईस यांचे उत्तर त्याच ठिकाणी, त्याच वेळी ०.७७ मीटर आहे. तुमच्या मोजणीने निकाल दिलेलाच आहे: पाच दिवसांत त्या पाण्याला ना कालवा भेटला, ना भिंत.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. पाचव्या दिवशी कूपनलिकेच्या भिंतीशी कायम पातळीच्या अटीने ४.०७ मीटर आणि अमर्याद जलधराने ४.५९ मीटर घट येते. हा फरक अर्ध्या मीटरचा आहे आणि गाळणीच्या नुकसानाच्या धुरळ्यात तो सहज लपतो. निरीक्षण ट्यूबवेलमध्ये मात्र उत्तर तिप्पट बदलते. केवळ उपसाविहिरीची पातळी पाहून बाहेरची सीमा बरोबर ठरवली असे जे अहवाल म्हणतात, त्यांच्यावर माझा विश्वास याच कारणाने बसत नाही.

मग संगणकाला अनंत अंतर कसे सांगायचे? त्रिज्येऐवजी तिचा लॉगरिथम हा चल घ्या. मग त्रिज्येने गुणलेला उतार हा नव्या चलातला साधा उतार होतो, आतली अट एका स्थिर संख्येची होते आणि भिंतीजवळ आपोआप बारीक, दूरवर आपोआप विरळ जाळी मिळते. या मोजपट्टीवर १० सेंटिमीटर ते ५०० मीटर हे अंतर ८.५ एकके आहे, आणि सीमा दहापट दूर, ५ किलोमीटरवर नेली तरी फक्त २.३ एककांची भर पडते. सव्वापट बिंदूंच्या खर्चात हा प्रश्न सुटत असताना ५०० मीटरवर अडून राहण्याचे काही कारण नाही. साधारण नियम म्हणून सीमा वर सांगितलेल्या वर्गमूळाच्या चारपट अंतरापलीकडे ठेवावी, जो तुमच्या पाच दिवसांसाठी ४ किलोमीटर येतो. त्यानंतर एकदा कायम पातळी आणि एकदा शून्य प्रवाह अशा दोन्ही अटींनी गणित करा. दोन्ही उत्तरे जुळली, तर सीमेचा हस्तक्षेप झालेला नाही. जुळली नाहीत, तर तुमच्या उत्तरात जमिनीपेक्षा तुमची निवड जास्त बोलत आहे.

गाळपट्टा_चोपडा

सर, आपण सांगितल्याप्रमाणे ५ किलोमीटरवर दोन्ही अटी लावून पाहिल्या. ३०० मीटरवरची उत्तरे मिलिमीटरपर्यंत जुळतात आणि मोजणीशीही मेळ बसतो. परंतु प्रबंधाचा खरा विषय उन्हाळ्याचे शंभर दिवस हा आहे. तेवढ्या काळासाठी चारपट वर्गमूळ सुमारे १८ किलोमीटर होते, आणि तेवढ्या टप्प्यात दक्षिणेला तापी आणि उत्तरेला सातपुड्याचा पायथा येतो. अशा वेळी अमर्याद जलधर म्हणणे मला प्रामाणिक वाटत नाही. नदीला कायम पातळीची सीमा आणि डोंगराला शून्य प्रवाहाची सीमा मानावी का?

उत्तर : पांझराकाठ

नदी आणि डोंगर याबद्दल वरचे जाणकार सांगतीलच. मी धुळ्याकडच्या काळ्या पाषाणात काम करतो, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो. पुढे हाच आराखडा कोणी पारोळा, साक्री किंवा नंदुरबारकडे नेला, तर त्या उपयोगी पडतील.

आमच्याकडे बसाल्टमध्ये ट्यूबवेलपेक्षा मोठ्या व्यासाच्या खोदीव विहिरी जास्त आहेत आणि तिथे संकट बाहेरच्या सीमेचे नसून आतल्या सीमेचे असते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर असते. ताशी ३० घनमीटरच्या पंपाने पहिल्या तासात पातळी मीटरभर उतरते आणि ते पाणी जवळजवळ सगळे विहिरीतच साठलेले असते. खडकाला अजून काही कळलेलेच नसते. अशा विहिरीला स्थिर प्रवाहाची अट लावणे चूक आहे. तिथे खडकातून येणारा प्रवाह आणि विहिरीतल्या साठ्यातून घटणारे पाणी या दोघांची बेरीज म्हणजे उपसा, अशी काळावर अवलंबून असलेली अट लिहावी लागते. पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये तिचे उत्तर दिले आहे. विहिरीच्या त्रिज्येचा वर्ग भागिले पारगामिता हे त्या साठ्याचे कालमान. पारगामिता दिवसाला २० चौरस मीटर असेल, तर ते सुमारे ११ तास येते, आणि साठ्याचा प्रभाव पुरता ओसरायला याच्या कित्येक दशपट वेळ लागतो. चार तासांत तळ गाठणाऱ्या विहिरीवर थाईस यांचा वक्र जुळवून काढलेली पारगामिता ही म्हणूनच विहिरीच्या आकाराची मोजणी असते. अशा विहिरीत पंप बंद केल्यानंतर पाणी किती वेगाने परत चढते, ती नोंद जास्त विश्वासार्ह असते.

दुसरी गोष्ट डाईकची, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंतीची. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत साधारण पूर्व-पश्चिम पसरलेल्या डाईकच्या लांबच लांब भिंती आहेत, त्या कित्येक ठिकाणी टेकड्यांच्या रांगेसारख्या जमिनीवरही दिसतात. घट्ट डाईक ही शून्य प्रवाहाची खरीखुरी सीमा आहे, पण ती सरळ रेषेत असते, गोल नसते. तिला त्रिज्येच्या गणितात गोल सीमा म्हणून बसवणे म्हणजे एका बाजूच्या भिंतीचा तटबंदी किल्ला करणे. त्याऐवजी भिंतीच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर, तेवढाच उपसा करणारी एक प्रतिमाविहीर कल्पावी आणि दोन्हींची घट बेरजेने घ्यावी. चाचणीत याची खूण स्पष्ट दिसते: लॉगरिथमी कालपट्टीवर घटीची रेषा काही वेळाने मोडते आणि तिचा उतार दुप्पट होतो. मात्र डाईक भेगाळलेली असेल, तर तीच पाणी वाहून नेणारी वाट ठरते. म्हणून नकाशावर डाईकची रेषा दिसली एवढ्यावर शून्य प्रवाह लिहू नये. आधी चाचणीची रेषा मोडते का ते पाहावे.

उत्तर : गिरणाकाठ

डाईकसाठी सांगितलेली प्रतिमाविहिरीची रीतच तापीलाही लागू होते, फक्त चिन्ह उलट होते. नदी कायम पातळीची सरळ सीमा आहे असे मानले, तर तुमच्या कूपनलिकेपासून ६ किलोमीटरवर, नदीपलीकडे, पाणी सोडणारी एक प्रतिमाविहीर येते. पाच दिवसांच्या चाचणीत तिचा तुमच्या कूपनलिकेवरील परिणाम मोजता येण्याजोगा नव्हता. शंभर दिवसांनंतर ती तुमची घट सुमारे १५ सेंटिमीटरने कमी करील. एवढ्यासाठी नदीच्या अटीवर वाद घालावा का, असे वाटेल. परंतु तिथे एक गंभीर प्रश्न दडलेला आहे.

कायम पातळीची अट म्हणते की जलधराने मागितले तेवढे पाणी नदी देईल. तापीचे पात्र गाळाच्या सगळ्या थरांना छेदून खाली गेलेले नाही, आणि पात्राच्या तळाशी बारीक मातीचा थर असतो. म्हणून नदीतून येणारा प्रवाह हा नदीची पातळी आणि जलधरातली पातळी यांच्या फरकाच्या प्रमाणात, तळाच्या थराच्या रोधाने भागून, असा लिहिणे अधिक योग्य. ही तिसऱ्या प्रकारची अट आहे. तिच्यात रोध शून्य केला तर कायम पातळी मिळते आणि रोध अनंत केला तर शून्य प्रवाह मिळतो. म्हणजे तुमच्या दोन्ही निवडी तिची टोके आहेत. जिथे उपशामुळे भूजल पात्राच्या तळाखालीच उतरले आहे, तिथे हा संबंधही तुटतो: नदीचे पाणी आता आपल्या गतीने झिरपत राहते आणि खाली पातळी अजून दहा मीटर उतरली तरी झिरपा वाढत नाही. तिथे नदी म्हणजे एक ठरावीक प्रवाह देणारी सीमा होय. यांपैकी कोणती स्थिती तुमच्याकडे आहे हे नदीकाठच्या विहिरींच्या पातळ्या पात्राच्या तळाशी ताडून पाहिल्याशिवाय ठरवू नका. उन्हाळ्यात हतनूर धरणातून पाणी सोडले जाते तेव्हा आणि सोडले जात नाही तेव्हा, अशा दोन्ही वेळी पाहा.

सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांच्या बझाडा पट्ट्यातून पाणी वेगाने मुरते, पण ते पावसाळ्यात, जेव्हा डोंगरातले नाले वाहतात. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांत ती बाजू शून्य किंवा अत्यल्प प्रवाहाची धरणे मला मान्य आहे. पूर्ण वर्षाचे गणित करताना तीच अट चुकीची ठरेल.

उत्तर : केळीबाग_रावेर

भाऊ, आपली चर्चा काळजीपूर्वक वाचली. गणिताच्या बाजूने मी काही सांगू शकत नाही, परंतु शेतातली एक वस्तुस्थिती या मांडणीत आलेली नाही असे वाटते. आमच्या शिवारात केळीसाठी दर दीड-दोनशे मीटरवर ट्यूबवेल आहे, आणि थ्री-फेज वीज ज्या आठ तासांत येते त्या आठ तासांत फीडरवरचे सगळे पंप एकदमच चालू होतात. तापी तीन किलोमीटरवर असो की दहा, माझ्या ट्यूबवेलकडे येणारे पाणी शेजाऱ्याच्या ट्यूबवेलनेही ओढलेले असते. एकच विहीर चालू आहे आणि भोवती मोकळे रान आहे असे धरून काढलेले शंभर दिवसांचे उत्तर आमच्याकडे लागू होईल का?

उत्तर : गिरणाकाठ

दादा, तुम्ही या चर्चेतली सर्वांत महत्त्वाची सीमा दाखवून दिलीत. सारख्या उपशाच्या दोन विहिरी एकाच वेळी चालतात, तेव्हा त्यांच्या बरोबर मध्यावर पाणी कुणाकडेच जात नाही. ती रेषा पाणलोटाच्या माथ्यासारखी असते. चहूबाजूंनी अशाच विहिरी असतील, तर प्रत्येक विहिरीला शेजारच्या अंतराच्या निम्म्यावर शून्य प्रवाहाची सीमा पडते. जमिनीत तिथे एक खडाही नसताना विजेच्या वेळापत्रकामुळे ती निर्माण होते. विद्यार्थ्याने ५०० मीटरवर जी भिंत धरली होती, ती एकट्या विहिरीच्या चाचणीसाठी गैरलागू होती. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या हंगामी गणितासाठी तीच भिंत १०० मीटरवर घेणे योग्य आहे.

तिचा परिणाम साधा आहे. २०० मीटर अंतरावरच्या विहिरी रोज आठ तास ताशी २५ घनमीटर उपसतात, म्हणजे प्रत्येकी २०० घनमीटर, असे धरा. १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर हे पाणी ६.४ मिलिमीटर जाडीचे होते. विशिष्ट उत्पाद, म्हणजे थर रिकामा होताना त्यातून निथळणाऱ्या पाण्याचे प्रमाण, ०.१ घेतला, तर शिवाराची सरासरी पातळी दिवसाला ६ सेंटिमीटरने आणि शंभर दिवसांत सहा मीटरच्या वर उतरते. पिकाला दिलेल्या पाण्यातले जे परत मुरेल आणि आजूबाजूच्या कोरड्या शिवारांतून जे येईल, तेवढेच यातून वजा. या गणितात पारगामिता येतच नाही, हे लक्षात घ्या. बंद क्षेत्रात हंगामी घट साठवणीने ठरते. पारगामिता फक्त विहिरीजवळच्या खड्ड्याची खोली ठरवते.

इथे मी ०.००१ ऐवजी ०.१ घेतला, तो मुद्दाम. पाच दिवसांत मिळालेला साठवण गुणांक मुख्यतः पाण्याच्या आणि थरांच्या दाबातून सुटणाऱ्या पाण्याचा आहे. शंभर दिवसांत वरच्या चिकणमातीतून पाणी खाली झिरपते आणि वरचे थर प्रत्यक्ष रिकामे होऊ लागतात. हा झिरपा बाहेरच्या सीमेवर लिहायचा नसतो. हंटुश आणि जेकब यांनी १९५५ मध्ये केले तसा तो समीकरणातच एक पद म्हणून येतो. त्याच्यामुळे कधी कधी घट आपोआप थांबते आणि अभ्यासकाला दूर कुठे नदी भेटल्याचा भास होतो.

यासाठी चोपड्याच्या चाचणीतली एक नोंद अजून वापरता येईल. जनरेटर बंद केल्यानंतरच्या पातळ्या घेतल्या असतील, तर उरलेली घट आणि उपसा सुरू झाल्यापासूनचा काळ भागिले पंप थांबल्यापासूनचा काळ या गुणोत्तराचा लॉगरिथम, असा आलेख काढा. रेषा मागे वाढवल्यावर गुणोत्तर एक होताना घट शून्यावर आली, तर जलधर त्या चाचणीपुरता अमर्याद होता. त्याआधीच शून्य गाठले, तर कुठून तरी पाणी येऊन मिळत आहे, मग ते नदीचे असो की वरच्या थराचे. आणि एकापाशीही घट शिल्लक दिसली, तर साठा मर्यादित आहे. तुमची ५०० मीटरची भिंत खरी असती, तर पाच दिवसांत उपसलेले ३,००० घनमीटर पाणी परत यायला वाटच नव्हती आणि निरीक्षण ट्यूबवेलमध्ये ३.८ मीटरची घट कायम राहिली असती. या नोंदी घेतल्या नसतील, तर पुढच्या चाचणीत पंप थांबल्यानंतरही किमान पाच दिवस मोजणी चालू ठेवा. तेवढ्या काळात शेजारचे पंप कोणत्या तासांत चालले, तेही वहीत लिहा, नाहीतर त्यांची घट तुमच्या रेषेत मिसळेल.